लाल चौकट

खुर्चीवरचा माणूस हसला तेव्हा यंत्राने चौकट लाल केली. त्यात नवल काही नव्हतं. ओळखपत्राच्या फोटोत दात चालत नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात नुसती चाळवाचाळव झाली तरी यंत्राला ती कळते आणि पडद्यावर चेहऱ्याभोवतीची हिरवी चौकट लाल होते. मग कॅमेऱ्यामागे बसलेली ती म्हणते, "तोंड मिटा. सरळ बघा. श्वास सोडा." माणूस तोंड मिटतो, चौकट हिरवी होते, ती कळ दाबते. दिवसभर हेच. पण हा साठीचा, नीट भांग पाडलेला गृहस्थ काही मिटेना. तिने पुन्हा सांगितलं. त्याने मिटलं, आणि पुन्हा हसला. पुन्हा लाल. रांगेतून कुणीतरी घसा खाकरला. "अहो, हसू नका ना," ती म्हणाली. "मी कुठे हसतोय?" गृहस्थ म्हणाला. "तुम्ही हसताय, बाई. समोरचा हसला की माणूस हसणारच. तुम्ही आधी मिटा, म्हणजे मी मिटतो."

तिचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तोंडावर बसला. तळहाताखाली काहीतरी गुळगुळीत, अनोळखी होतं. हात तसाच ठेवून तिने मान हलवली, गृहस्थ गंभीर झाला, चौकट हिरवी झाली. तो उठून शेजारच्या टेबलाकडे अंगठ्याचा ठसा द्यायला गेला तरी तिचा हात खाली आला नाही. इतक्या वर्षांत या खुर्चीवर हजारो माणसं हसली असतील. काही घाबरून, काही कॅमेरा दिसला की हसायचं असतं म्हणून. पण तिच्याकडे बघून, तिला उत्तर म्हणून कुणी हसल्याचं तिला आठवेना. आणि आपण हसत होतो हे आपल्याला कळलंसुद्धा नाही, याची तिला भीती वाटली. रस्त्यात मध्येच लक्षात यावं की कडेवरचं मूल कुठेतरी ठेवून आलो, तशी भीती.

दात कालचे होते. काल दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिच्या वरच्या आठ दातांवर, ते न घासता, न दुखवता, एका पांढऱ्या पदार्थाचा थर बसवून दिला होता. ही नुसती तालीम. पुढे दातांवर कवच म्हणून जे व्हेनिअर बसायचे, चिनी मातीच्या कपासारखे पण नखाएवढे पातळ, त्यांचा आकार तोंडात कसा वाटतो, कसा दिसतो, हे आधी पाहून घ्यायचं. कपड्यांच्या दुकानात घालून बघायची खोली असते तसं. फक्त इथे ती खोली घेऊनच घरी जायचं, ऑफिसला जायचं, माणसांत बसायचं. "शुक्रवारी या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हे काढू, मग तुम्ही सांगायचं. पुढे जायचं तर दात घासून थोडे पातळ करायला घेऊ. पण नीट ऐका हं. एकदा घासलं की ते परत येत नाही. दाताचं वरचं आवरण नखासारखं वाढत नाही. शिवाय हे कवच जन्माला पुरत नाही, कधीतरी बदलावं लागतं. नको वाटलं तर नको म्हणा, मी रागावणार नाही." ती "बरं" म्हणाली होती. त्यातला "ब" नीट आला, "र"ला मात्र जीभ नव्या भिंतीवर आपटली.

कालपासून जिभेला दुसरं कामच नव्हतं. ती पुन्हा पुन्हा त्या दातांमागे जाऊन उभी राहत होती, नव्या घरात आलेलं मांजर भिंतीच्या कडेकडेने फिरतं तशी. "श्वास सोडा" म्हणताना "श" शिट्टीसारखा निघत होता. सकाळी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, जिला सगळं ऑफिस रेडिओ म्हणतं कारण ती एकदा लागली की बंद करायची कळ सापडत नाही, तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "काय गं, काय केलंस? केस कापलेस?" नाही. "वजन उतरलंय." नाही. "मग चष्मा बदललास. काहीतरी आहे बाई. चेहऱ्यावर दिवा लावल्यासारखं दिसतंय." रेडिओला काही केल्या ओळखता येईना, आणि का येत नाही ते तिला दुपारी, त्या गृहस्थानंतर, कळलं. तिचे आधीचे दात रेडिओने पाहिलेच नव्हते. रोज एका टेबलावर डबा खाऊन, सुखदुःखं बोलून, एकमेकींच्या सासरच्यांची यथेच्छ उणीदुणी काढूनही पाहिले नव्हते. जे कधी कुणी पाहिलंच नाही ते बदलल्याचं कुणाला कळणार? आपण किती चांगलं लपवलं होतं, या विचाराने तिला क्षणभर एखाद्या कसबी चोराला वाटत असेल तसा अभिमान वाटला. आणि लगेच, त्या अभिमानाच्या पोटातून, संताप.

तिचे दात वाकडे नव्हते, किडके नव्हते. सरळ, मजबूत, एका रांगेत होते. फक्त राखाडी. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याच्या रेघा राहतात तसे त्यांच्यावर आडवे पट्टे होते, हिरडीजवळ तपकिरी, मध्ये शिशाच्या रंगाचे. ती दोन वर्षांची असताना ताप आला होता. तो जाईना. एक औषध होतं, ते तेव्हा सर्रास देत. ते सुरू केलं, कित्येक महिने चाललं, आणि ताप गेला. औषध मात्र गेलं नाही. हिरडीच्या आत जे दात अजून घडत होते त्यांच्यात ते मुरून राहिलं. हे सगळं तिला आईने सांगितलेलं नव्हतं. आईने फक्त एकच वाक्य सांगितलं होतं, आणि ते इतक्यांदा की त्याचा ठेकाही पाठ झाला होता. शाळेत मुलींनी चिडवलं म्हणून ती रडत आली तेव्हा, थोरल्या बहिणीसारखं तोंडभर हसायला आपल्याला का येत नाही असं तिने विचारलं तेव्हा, लग्न ठरताना फोटो काढायच्या वेळी ती अडून बसली तेव्हा, दर वेळी आई दुसरीकडे बघत म्हणायची, "जगलीस ना? मग दात कसले बघतेस?" ती जगली होती हे तर समोरच होतं. दातांबद्दल तक्रार करायची म्हणजे जगण्याबद्दल करायची, आणि आईबद्दल करायची, जिने रात्रंदिवस उशाशी बसून ते औषध चमच्याने पाजलं होतं. म्हणून तिने हात वर न्यायला शिकून घेतलं. कुणीतरी विनोद सांगितला, सगळे हसले, ती तळव्याआड हसली, आणि काका म्हणाले, "ही बघा आमची झाकणी." तेव्हापासून घरात ती झाकणीच. चिडवून ठेवलेलं नाव भांडून बदलता येतं. प्रेमाने ठेवलेलं नाव काढून कुठे ठेवणार?

नवऱ्याला तिने दात करून घ्यायचं सांगितलं तेव्हा तो वर्तमानपत्राची घडी घालत होता. "मला तू आहेस तशीच आवडतेस," तो म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्या बोलण्यात खोट शोधणाऱ्याची आजवर निराशाच झाली असती. पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिला वाटलं की हे वाक्य म्हणजे चांगल्या लाकडाचं, घट्ट बसणारं झाकणच आहे. "तुला आवडते ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण तोंड माझं आहे." त्याने जरा विचार केला. "तेही खरंच," म्हणाला, आणि घडी पूर्ण केली. त्यानंतर तिला वाद घालायला घरात कुणी उरलं नाही आणि नेमकी तीच पंचाईत झाली. या वयात? कुणासाठी? हे प्रश्न तिचे तिलाच विचारावे लागले. शहाण्या माणसाने म्हणावं की रूप आतलं खरं. तिनेही दुसऱ्यांना म्हटलं होतं. पण आतलं रूप बाहेर यायचा जो रस्ता आहे त्याच्यावरच आपण इतकी वर्षं हात ठेवून बसलो आहोत, हे शहाण्या माणसाला कसं सांगायचं? आणि नोकरी तरी कुठली मिळाली! लोकांना तोंड मिटायला सांगायची. खुर्चीवर बसताना माणूस क्षणभर त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यात असतो, बायको काहीतरी म्हणालेली असते, नाहीतर पोराने खोडी काढलेली असते, आणि ती म्हणते, तोंड मिटा. तो चेहरा जातो आणि कार्डावर छापण्याजोगा उरतो. तिला या कामात कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट सगळ्या खोलीला आपल्यासारखं करून सोडण्यात एक प्रकारचा न्याय आहे असंच मनात कुठेतरी असावं. आज त्या गृहस्थाने, भांग न विस्कटता, तो न्याय मोडून टाकला होता.

बुधवारी ऑफिसातून ती आईकडे जाते. आज जाऊ नये असं वाटत होतं, पण पाय सवयीने त्याच बसमध्ये चढले. बसमध्ये ती उत्तर तयार करत राहिली. आई म्हणणार, जगलीस ना? आपण म्हणायचं, हो, जगले, आता हसते. हे वाक्य तिने खिडकीबाहेर बघत, ओठ न हलवता, इतक्यांदा घोळवलं की उतरायचा थांबा आला तेव्हा त्यातली सगळी धार बोथट झाली होती. जिना चढताना शुक्रवार आठवला. परवा. परवा एकतर हे आठ दात निघून जाणार आणि खालचे पुन्हा उघडे पडणार, नाहीतर खालचे कायमचे जाणार. आईला न विचारता केलं तर ते आयुष्यभर चोरून केल्यासारखं राहील. विचारलं आणि आईने दुसरीकडे बघितलं, तर शुक्रवारी आपण "नको" म्हणून येणार, हे तिला जिन्यातच पक्कं ठाऊक होतं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. कवळी कपात, कप खिडकीत, आणि आईचं तोंड आत गेलेलं, पिशवीची दोरी ओढल्यासारखं. ती समोर बसली. पाठ सरळ, हात मांडीवर, ओठ मिटलेले. आपण आपल्याच खुर्चीवर बसलो आहोत असं तिला वाटलं. आता चौकट हिरवी व्हायला हरकत नव्हती.

"दातखिळी बसली का गं?" आई म्हणाली.

आणि तिला हसू आलं. आवरायच्या आत आलं. हात वर निघाला, पण त्याला उशीर झाला होता.

आईने बघितलं. मग कपातून कवळी काढली, झटकली, आणि तोंडात बसवली. महत्त्वाचं बोलायचं असलं की आई आधी कवळी बसवते. लोक चष्मा लावतात तसं.

"कुठून आणलेस हे?"

"आणले नाहीत. वरून लावलेत. परवा काढणार."

"काढायचे होते तर लावले कशाला?"

तिने सांगितलं. तालीम, घासणं, कवच, सगळं. बोलताना प्रत्येक "स" शिट्टी वाजवत होता आणि आई प्रत्येक शिट्टीला भुवई उचलत होती.

"म्हणजे धडधाकट दात घासणार?" आई म्हणाली. "तुझ्या वयात माझे चार उरले होते, तेही हलणारे. कुणाला दात आहेत तर चणे नाहीत. तुला दातही आहेत, चणेही आहेत, आणि तू निघालीस कानस घेऊन!"

आता ते जुनं वाक्य येणार. तिने तिचं वाक्य हाताशी घेतलं, हो, जगले, आणि वाट बघत राहिली. पण आई म्हणाली, "जवळ ये."

ती खुर्ची ओढून पुढे झाली. आईने तिची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि अंगठ्याने वरचा ओठ अलगद वर केला. इतक्या सहज, इतक्या सरावाने, की आठवण यायच्या आधी तिच्या अंगालाच काहीतरी ओळखीचं लागलं. हा अंगठा. त्याचा हा खरखरीतपणा, साबणाचा वास. हा तिच्या ओठावर याआधी होता. कधी, ते आठवेना. डोक्यात त्याचं एकही चित्र नव्हतं. पण ओठ त्या अंगठ्याला ओळखत होता.

"तू दुपारची झोपलीस की मी अशीच बघायचे," आई म्हणाली. तिच्याकडे नव्हे, दातांकडे बघत, जणू त्यांनाच सांगत होती. "दुधाचे काळवंडले होते. ते पडायला लागले तेव्हा म्हटलं, सुटलो. आता येतील ते नवे, स्वच्छ. रोज बघायचे, हिरडीतून काय डोकावतंय. पहिला आला त्याची कड पांढरी होती. मी थोरलीला हाका मारून सांगितलं, पांढरा आला, पांढरा आला. शेजारीपाजारी सांगितलं. मग तो जसजसा खाली उतरला तसा पट्टा दिसायला लागला. एक, मग त्याच्यावर दुसरा." आईने ओठ सोडला. "त्यानंतर नाही बघितलं. बघवलं नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती. इतकी वर्षं आई जे वाक्य दुसरीकडे बघत म्हणत होती त्याची दुसरी बाजू तिला पहिल्यांदा दिसत होती. तिला वाटलं होतं, आईला दिसतच नाही. दिसत होतं म्हणून मान वळलेली होती. दोघी जणी एकाच गोष्टीवर, दोन बाजूंनी, हात ठेवून बसल्या होत्या.

"ते खालचं," आई म्हणाली, "ते खरवडून टाकणार का सगळं?"

"नाही. वरचा पापुद्राच फक्त. रंग आतपर्यंत गेलाय, तो निघत नाही. तो आतच राहणार."

आईने कवळी तोंडातल्या तोंडात हलवली.

"राहू दे आत," ती शेवटी म्हणाली. "त्यानेच वाचलीस. पण रोज उठून बघायला कशाला हवं?"

तिने तयार केलेलं वाक्य तसंच राहिलं. त्याची गरजच पडली नाही. डोळे भरून आले आणि त्याच वेळी, त्याच चेहऱ्यावर, हसूही आलं आणि हात पुन्हा वर निघाला. आईने तो चापटी मारून खाली पाडला. माशी हाकलावी तसा. "पुरे आता ती झाकणी," आई म्हणाली. "आणि ऐक. घ्यायचेच आहेत तर एकदम पांढरे घे. वयाला शोभतील असले मळकट रंग गळ्यात मारतील तुझ्या. बसवायचेच तर दिसायला नकोत?"

शुक्रवारी तालमीचे दात टकटक करून निघाले. डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला. राखाडी दात होते तिथेच होते, पट्ट्यांसकट, इतके दिवस सोबत केल्याचा कसलाही बोभाटा न करता. तिने त्यांना नीट बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, मुद्दाम, उजेडात, ओठ मागे ओढून. तिला त्यांचा राग आला नाही. ताप, चमचा, उशाशी बसलेली बाई, सगळं त्या रेघांमध्ये होतं, झाडाच्या खोडात एखाद्या वाईट वर्षाचं वर्तुळ असतं तसं. ते आत राहणार होतं. "घ्या घासायला," तिने सांगितलं. मग सुई, गाल जड होणं, बारीक किणकिणता आवाज, ओठांवर गार पाण्याचे तुषार, आणि एक जळकट वास. डोळे मिटून ती खुर्चीत पडून होती आणि आपलं काही कमी होतंय असं तिला वाटत नव्हतं. बंद खोलीची खिडकी रंगाने चिकटून बसलेली असते; कुणीतरी पातं घालून ती हळूहळू सोडवतंय, असं वाटत होतं. रंग निवडताना डॉक्टरीणबाईंनी छोट्या छोट्या दातांची पट्टी चेहऱ्याशी धरली, रंगाच्या दुकानात भिंतीचे नमुने असतात तशी, आणि मधल्या एका दातावर बोट ठेवलं. "हा तुम्हाला शोभेल." तिने बोटाने टोकाजवळचा दाखवला. "तो जरा जास्त होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिवाय खालचा गडद रंग झाकायचा म्हणजे कवच थोडं जाड लागणार, काचेसारखी झाक कमी येणार. बारकाईने बघणाऱ्याला थोडं खोटं वाटेल." बधिर झालेल्या ओठांनी तिने सांगितलं, "आजवर काहीच दिसत नव्हतं. थोडं खोटं तर थोडं खोटं." डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांचा स्वतःचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, हे तिला तेव्हा दिसलं. तिला ते छान वाटलं, आणि त्यामुळे आपला निर्णय तसूभरही हलला नाही हे अधिक छान वाटलं.

कायमचे बसले त्या आठवड्यात रेडिओला अखेर शोध लागला. "दात!" ती भर ऑफिसात ओरडली. "मेले, इतके दिवस दात होते होय! आणि आधी काय होतं मग?" तिने आधीचं सांगितलं. रेडिओ अवाक् झाली. तिच्या बाबतीत ही घटना नोंद घेण्याजोगी होती. हात मात्र लवकर सुधारला नाही. कुठेही हसू फुटलं की तो अर्ध्यापर्यंत यायचा आणि तिथे, छातीजवळ, कामावरून निवृत्त झालेला शिपाई जुन्या दारापाशी येऊन उभा राहतो तसा, काय करायचं ते न कळून थांबायचा. ती त्याला परत पाठवायची. हळूहळू तो यायचा थांबला. कधी, ते तिला कळलं नाही, आणि न कळण्याचंच तिला नंतर अप्रूप वाटलं.

मग तिच्या स्वतःच्या कार्डाची मुदत संपली. जुन्या कार्डावरचा फोटो यंत्राने पहिल्या झटक्यात मान्य केलेला होता, त्याच्या आधीचाही. "तू या यंत्राची लाडकी," रेडिओ म्हणायची. "आमचे चार-चार काढावे लागतात." आता ती खुर्चीवर बसली, समोर रांग, कॅमेऱ्यामागे रेडिओ. "तोंड मिटा. सरळ बघा. श्वास सोडा," रेडिओ हुबेहूब तिच्या आवाजात म्हणाली. तिने मिटलं. ओठ जुळले, पण कोपरे जागेवर राहिनात. लाल. "अगं मीट ना." पुन्हा लाल. तिने दुःखाच्या गोष्टी आठवायला घेतल्या. ताप आठवला, चमचा आठवला, आणि त्यांच्यामागून खिडकीतल्या कपातून कवळी काढून झटकणारी आई आली. लाल. "बाई, आम्हाला दरडावता की रोज!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. "मिटा की आता!" "मिटा, मिटा," दोघातिघांनी सूर धरला. रेडिओने पडदा तिच्याकडे वळवला. लाल चौकट, आणि तिच्यात एक बाई, तोंडभर, आठच्या आठ, वयाला न शोभणाऱ्या पांढऱ्या रंगात. यंत्र इतकी वर्षं जिला ओळखत होतं ती ही नव्हती, आणि यंत्र तसं स्पष्ट सांगत होतं.

"मिटतेस का घेऊ पुढचा?" रेडिओ कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"घे पुढचा," ती म्हणाली. "मला वेळ लागणार आहे."

ती उठली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात बाजूला मोकळे सोडून. पुढच्या माणसाने मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. तिने त्याच्याकडे बघितलं. तो हसला. त्याच्या पुढची बाई त्याला काय झालं म्हणून वळली, आणि तीही हसली. मग तिच्या पुढचा. एकेक करून रांग मागे वळत होती, आणि तिकडे टोकाला, खुर्चीशी, रेडिओ कपाळावर हात मारून यंत्राकडे बघत होती. हिरवी चौकट काही केल्या येईना.